पट्टी न्यायला कोण येणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी दौंड तालुक्यातला शेतकरी. जूनमध्ये आरोग्य खात्याची गाडी आमच्या गावात आली होती. डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवणारा एडीस डास गावात किती शिरलाय हे यंदा दर आठवड्याला मोजू, असा शब्द साहेबांनी ग्रामसभेत दिला. पाच घरांत काळी भांडी ठेवली. भांड्यात थोडं पाणी आणि एक खरखरीत लाकडी पट्टी. मादी पट्टीच्या ओल्या भागावर अंडी घालते. आठ दिवसांनी पट्टी न्यायची, अंडी मोजायची. फोटो काढले. एक भांडं आमच्या पडवीत, आईच्या बाजेजवळ ठेवलं.

पट्टी न्यायला आजतागायत कोणी आलं नाही.

बाराव्या दिवशी त्यात अळ्या वळवळताना दिसल्या. मी पाणी उन्हात ओतलं, भांडं फोडलं. बाकीची चार भांडी गणपतीपर्यंत तशीच होती. डास शोधायला ठेवलेल्या भांड्यांत तुमच्या खात्याने डास पोसले, महोदय.

भाद्रपदात आईला ताप आला. चिकुनगुनिया. ताप चार दिवसांत उतरला, सांधे अजून धरलेले आहेत. पहाटे उठून दहा भाकरी थापणाऱ्या बाईला आज पाण्याचा तांब्या धरवत नाही. रात्री बोटं कोमट पाण्यात बुडवून बसते. तिची वेणी मी घालतो. ती काही बोलत नाही, पण मुलाकडून वेणी घालून घेताना तिची मान खाली जाते, ते मला बघवत नाही. त्याच भांड्यातला डास तिला चावला हे मला सिद्ध करता येणार नाही. पण कुठे किती डास आहेत हे कळावं म्हणूनच ती भांडी होती ना?

आणि हे आमच्या भागात पहिल्यांदा घडत नाही. 1973 साली बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली आणि मग हा आजार वर्षानुवर्षं दिसेनासा झाला. 2000 साली आमच्याच तालुक्यातल्या यवतला पकडलेल्या एडीस डासांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला तोच विषाणू सापडला, तोही आफ्रिकेकडच्या नव्या वाणाचा. पाच वर्षांनी साथ आली. 2006 मध्ये देशभरात 13 लाखांवर संशयित रुग्ण झाले. डासाने आधीच सांगितलं होतं. त्यापुढे गावोगावी डास तपासत राहायला कोणाला सुचलं? 2021 मध्ये शेजारच्या पुरंदर तालुक्यात बेलसरला, याच डासाने पसरणाऱ्या झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला, तेव्हा पथकं धावली. आधी माणूस आजारी पडायचा, मग डास शोधायचा, ही तुमची पद्धत.

एडीस स्वतः फार लांब उडत नाही, फार तर काही शे मीटर. त्याला गाडी नेते, जुना टायर नेतो. अंडी कोरडी पडली तरी महिनोनमहिने जिवंत राहतात, पाणी लागलं की फुटतात. आमच्या पुणे-सोलापूर रस्त्यावर टायरवाल्यांच्या रांगा आहेत. तिथे पावसाळ्यात एकदा तरी कोणी वाकून पाहिलं का? स्पेनमध्ये लोक मोबाइलवरून डासांचे फोटो पाठवतात. 2018 मध्ये अशाच एका फोटोमुळे तिथे कधी न दिसलेली जपानी एडीस जात सापडली. मीही अळ्यांचे फोटो दिलेल्या नंबरवर पाठवले. उत्तर नाही.

धुराच्या गाडीला मात्र पैसे असतात. धूर उडणाऱ्या डासाला मारतो, पिंपातली अळी तशीच राहते, हे तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण धूर पुढाऱ्याला दाखवता येतो. आमच्या आरोग्यसेवकाची जागा रिकामी आहे, आशाताई एकटी सगळं गाव फिरते. नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंपं, रांजण, हौद भरलेले. वर तुमचं पत्रक सांगतं, कोरडा दिवस पाळा, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून सुकवा. रांजण कोरडा केला तर प्यायचं काय? पाणीपुरवठा दुसऱ्या खात्याचा, म्हणता. डासाला खाती कळत नाहीत, महोदय, आणि आम्ही मत देतो तेव्हा आम्हाला कोणी खातं विचारत नाही.

येत्या जूनमध्ये भांडी ठेवायची असतील, तर पट्टी न्यायला कोण येणार आणि कोणत्या वारी, हे आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. अंड्यांचा आकडाही त्याच फळ्यावर दर आठवड्याला हवा. तोवर आमच्या पडवीत भांडं ठेवू देणार नाही.

आपला,
दौंड तालुक्यातील एक शेतकरी