शैलाला पत्र

धरमपेठ, नागपूर

प्रिय शैला,

होळीनंतर तुला साधा फोन केला नाही. रागावली असशील तर रागव. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, टाके वाळले, बरी आहे.

लिहायचं कारण वेगळंच. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टरनं मीटरवर १२० बघितलं आणि म्हणाली, "काकू, शुगर नॉर्मल आहे, उद्या उपाशीच राहायचं, आज इन्सुलिन नको." फाइलवर सरळ काट! मी भांडले. म्हटलं, बाई, हे उतारवयातल्या शुगरसारखं नाही, माझं अंग इन्सुलिन बनवतच नाही. पोटात कण नसला तरी रात्रीचं लागतंच, नाहीतर काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे आम्लं, चढायला लागतात. डॉक्टरांना फोन गेला तेव्हा कुठे दिलं. त्या सिस्टर पोरीला तरी काय बोलू? माझा हा टाइप वन मधुमेह म्हणजे लेकराबाळांचा आजार, एवढंच शिकलेली. ती लेकरं म्हातारी होतात हे तिला कुणी सांगितलंच नाही.

तेव्हापासून झोप नाही गं. मी शुद्धीत नसते तर? उद्या इंजेक्शन घेतलं की नाही हेच आठवलं नाही आणि दुसऱ्यांदा टोचलं तर? आताच शुगर ५५ वर आली तरी ना घाम, ना थरथर. इतक्या वर्षांनी अंग इशाराच देत नाही. दंडावरचा सेन्सर ओरडतो म्हणून उठून साखर खाते. यांना तो ऐकू येत नाही, पोरगा बंगलोरला.

तू होतीस तेव्हा हा घोर नव्हता. काचेची सिरिंज तू उकळायचीस (आणि त्याच भांड्यात अंडी उकडलीस, ते मी विसरलेली नाही!). मे महिन्यात लाइट गेली की बाटली ओल्या फडक्यात बांधून माठाशी ठेवायचीस. माझी जीभ जड झाली की काही न विचारता ग्लुकोज पाजायचीस.

आणि अकोल्याचे लोक बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन सांगून टाकलंस, "हिला रोज इंजेक्शन लागतं." काहून सांगितलंस म्हणून मी किती दिवस तोंड फिरवलं होतं! बरोबर केलंस असं आजही म्हणणार नाही. पण आता मला तस्संच फटकन बोलणारं माणूस हवंय.

ती अमेरिकेची एलिझाबेथ ह्यूज, १९२२ मध्ये टोरंटोला, इन्सुलिन शोधणाऱ्या डॉक्टर बँटिंगकडे इन्सुलिन मिळालेली, १९८१ पर्यंत जगली, ७३ वर्षांची होऊन. आजार मात्र जन्मभर लपवत राहिली. मला जगायचं तिच्याएवढं, पण लपवून नाही.

म्हणून एक कागद केलाय. टाइप वन, रात्रीचं इन्सुलिन कधीही बंद करू नये, डोस, डॉक्टरांचा नंबर. एक फ्रिजवर, एक पर्समध्ये, एक या पाकिटात. मला काही झालं तर हे पोराला कळवतीलच, पोरगा तुला कळवेल. तू दवाखान्यात फोन लाव आणि हेडसिस्टर येईपर्यंत सोडू नको. तुझा आवाज अजून तसाच आहे ना?

मृणालच्या बाळाचं नाव काय ठेवलं? गुडघ्याचं काय ठरलं? दिवाळीत ये, संत्रा बर्फी आणून ठेवते, तुझ्यासाठी.

तुझी,
सुमा