हवामानाचा सर्व्हर चालू झाला, सगळ्यांचे मनापासून आभार

राजेहो, काल रात्री साडेअकराला आमच्या विभागातल्या सर्व्हरवर एलडीएममधून (हवामानाचा डेटा इंटरनेटवरून आपोआप आणणारं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा सलग डेटा उतरायला लागला आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. तीन आठवडे नुसती लॉग फाइल बघत बसलो होतो, पण फाइल एकही नाही.

आधी एलडीएमचं ३८८ नंबरचं पोर्ट (नेटवर्कमधली डेटाची वाट) बंद होतं, ते नेटवर्कवाल्या दादांनी आपली सुट्टी सोडून येऊन उघडून दिलं. मग कनेक्शन लागायचं, तरी डेटा येईना. मग ज्या ताईंना मी कधी भेटलेही नाही त्यांनी फोनवर माझ्याकडून लॉगची एकेक ओळ वाचून घेतली आणि म्हणाल्या, "अगं, घड्याळ बघ आधी." मशीनमध्ये भारतीय वेळ भरलेली आणि सिस्टीम तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजत होती, म्हणजे सर्व्हर साडेपाच तास पुढे, त्यामुळे आलेली प्रत्येक फाइल त्याला शिळी वाटायची आणि तो ती घेतच नव्हता! एनटीपी (घड्याळ नेटवरून बरोबर ठेवणारी सोय) लावलं, एलडीएम परत सुरू केलं, दोन मिनिटांत रांग लागली.

आणि चौकीदार काका, नागपूरचा मे महिना, एसी बंद, तुम्ही रोज संध्याकाळी सर्व्हर रूमच्या कूलरमध्ये बादलीने पाणी भरत होते, म्हणून मशीन टिकली. आता जीएफएसचे (अमेरिकेचं जागतिक हवामान अंदाजाचं मॉडेल) ००, ०६, १२, १८ यूटीसीचे चारही रन पोरांना इथेच मिळतील. तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार.