काखेत कळसा

बंगळुरू, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, आधी एक सांगते. कपाटावरच्या लॅपटॉपमध्ये ठेवलेले आपले फोटो तीन आठवडे घरी फोनवर उघडत नाहीत, पण त्यात तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. फोटो सगळे जागेवर आहेत, आजीच्या ओव्यांची कॅसेट उतरवून ठेवलेली फाइलही आहे. काल फोनवर तुम्ही दोनदा म्हणालात, "माझंच बोट कुठेतरी लागलं असेल." ते मनातून काढून टाका. मला ते फार लागलं, म्हणून घाईत फोनवर सांगण्यापेक्षा नीट लिहायला बसले.

उलट बिघाड सापडला तो तुमच्या वहीमुळे. "घरी – नाही. मुक्तिधाम – उघडलं. बिटको चौक – उघडलं. घरी परत – नाही." प्रत्येक ओळीपुढे वेळ, अगदी प्रेसमध्ये पाळीची नोंद करायचात तशी. बाहेर मोबाइल डेटावर उघडतं आणि घरच्या वायफायवर उघडत नाही, म्हणजे कपाटावरचा लॅपटॉप ठणठणीत आहे, वाटेत काहीतरी चुकतंय.

तुमची सगळी नोकरी तिकिटं आणि पाकिटं छापण्यात गेली, पत्त्याचं मोल तुम्हाला मी काय सांगणार! इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. त्यांच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. म्हणून एका घराला एकच सार्वजनिक पत्ता मिळतो आणि तो राउटरकडे, म्हणजे वायफायच्या डब्याकडे असतो. (बऱ्याच ठिकाणी तोही अनेक घरांत मिळून एक असतो. म्हणून तर मी वेगळे पैसे भरून आपल्यासाठी स्थिर पत्ता घेतला.) आत फोन, टीव्ही, लॅपटॉप यांना १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती क्रमांक असतात, ते दाराबाहेर चालत नाहीत.

बिटको चौकातून तुम्ही फोटो मागितलेत की ती मागणी आपल्या सार्वजनिक पत्त्यावर येते. राउटर तिच्यावर लॅपटॉपचा घरगुती क्रमांक घालून ती आत देतो. उत्तरही त्याच्याच हातून जातं आणि जाताना तो पुन्हा सार्वजनिक पत्ता घालतो. मागणाऱ्याचा हिशेब जुळतो.

काल रात्री मी तुम्हाला "आता दाबा" म्हणाले, तेव्हा मी इथून लॅपटॉपवर येणारी-जाणारी माहितीची पाकिटं बघत होते. तुम्ही दाबलंत आणि त्याच क्षणी ओळ उमटली, मागणारा शेवटी २३ क्रमांक असलेला, म्हणजे तुमचाच फोन. लॅपटॉपने लगेच उत्तरही दिलं. पण मागणारा घरातलाच दिसल्यामुळे राउटरला मध्ये न घेता थेट दिलं. तुमच्या फोनने मागितलं होतं सार्वजनिक पत्त्याकडे आणि उत्तर आलं भलत्याच क्रमांकाकडून. त्याने ते पाकीट न फोडताच टाकून दिलं. तुम्हाला नुसतं गोल फिरणारं चक्र दिसत राहिलं. तीन आठवडे लॅपटॉप उत्तर देत होता आणि फोन घेत नव्हता!

अशा वेळी राउटरने मागणाऱ्याच्या जागीही स्वतःचा पत्ता घालायचा असतो, म्हणजे उत्तर त्याच्याकडेच परत येतं. याला हेअरपिन म्हणतात, केसांच्या आकड्यासारखी वाट वळून मागे येते म्हणून. राउटरने हे केलंच पाहिजे असं इंटरनेटच्या नियमांत २००८ पासून लिहिलेलं आहे. आपल्या राउटरमध्ये ती सोय मला तासभर शोधूनही मिळाली नाही.

मग मी दुसरी वाट धरली. तुम्ही फोनवर आकडे टाकत नाही, नाव टाकता, आणि त्या नावाचा पत्ता कोणता हे फोन आधी विचारून घेतो. आता घरात कोणी ते नाव विचारलं तर लॅपटॉप स्वतःच आपला घरगुती क्रमांक सांगतो. बाहेर मात्र त्याच नावाला पूर्वीचाच पत्ता मिळतो. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? मला तर हेअरपिनपेक्षा हेच जास्त पटलं.

तुम्ही एवढंच करा. दोघांच्याही फोनचं वायफाय एकदा बंद करून चालू करा. आई, तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' (नावाचा पत्ता बाहेरच विचारायची सोय) आहे ते बंद ठेव, नाहीतर तो फोन घरात न विचारता परस्पर बाहेर विचारत बसेल. आणि लॅपटॉप कपाटावरून हलवू नका. तो बंद पडला तर घरातलं सगळंच इंटरनेट गेल्यासारखं वाटेल, कारण आता कुठलंही नाव आधी त्यालाच विचारलं जातं. लाइट गेली तर त्याची बॅटरी थोडा वेळ धरते, पण हा उपाय कायमचा नाही. दिवाळीला येताना मी हेअरपिनवाला राउटर घेऊन येते.

बाबा, कोणी परकं आत शिरेल का, असं तुम्ही विचारलं होतं. राउटरवर मी फोटोंपुरतं एकच दार उघडं ठेवलं आहे आणि त्याला पासवर्डचं कुलूप आहे. कड्या वाजवून बघणारे इंटरनेटवर दिवसरात्र असतातच, म्हणून तो पासवर्ड मामालासुद्धा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फोन करून सांगा.

आई, ओव्यांच्या फाइलमध्ये तिसऱ्या ओवीनंतर आजी मध्येच थांबते आणि मागून कोणीतरी तिला हाक मारतं. बाईचा आवाज आहे, कोणाचा ते मला ओळखू येत नाही. उद्या घरी उघडलं की ऐक आणि मला सांग.

तुमची,
लेक