दोष दयाबेनच्या गैरहजेरीचा नाही

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’च्या सर्वांत कमकुवत भागांवरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. दयाबेनची भूमिका करणाऱ्या दिशा वाकाणी २०१७ मध्ये मालिकेपासून दूर गेल्या आणि घसरण सुरू झाली, हे निदान पटले नाही. दयाबेनची उणीव आम्हालाही जाणवते. पण खरे दुखणे पाणी घालून वाढवलेल्या कथेत आहे. एक बातमी येते, कॅमेरा जेठालालपासून अब्दुलपर्यंत प्रत्येकाच्या चकित चेहऱ्यावर फिरतो आणि भाग तिथेच संपतो. पोपटलालचे लग्न तर वर्षानुवर्षे मोडतेच आहे. मालिकेचे मूळ असलेले ‘चित्रलेखा’तील गुजराती सदर साप्ताहिक होते, त्यातल्या लेखाला जागेची मर्यादा होती, त्यामुळे पाल्हाळाला वाव नव्हता. भिडे मास्तरांची काटकसर आमच्या घरी आजही आवडीने पाहिली जाते. लेखकांनी एक प्रसंग दोन भागांत संपवावा, एवढीच विनंती.

– एक नियमित वाचक, डोंबिवली