आडोशाबद्दल, पाटील

प्रिय पाटील,

हे नाव तुम्हाला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी दिलंय. तुमची सात क्वार्टर जमीन आहे असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी बोटांवर हिशोब केला. एक क्वार्टर 160 एकर, सात म्हणजे 1,120. "मग पाटीलच की हा!" म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात तुमचं खरं नाव कुणी घेत नाही.

पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. शुक्रवारी लीजनमध्ये, म्हणजे तुमच्या माजी सैनिकांच्या क्लबात, स्टेक खायला येईन तेव्हा तोंडी सांगेन म्हणते, पण तिथे मला रडू फुटेल आणि तुम्ही घाईघाईनं हवामानावर बोलायला लागाल. म्हणून आधी माझ्या भाषेत, माझ्या माणसांसमोर.

माझ्या माणसांसाठी एवढंच सांगते: मी कॅनडात, सस्कॅचेवन प्रांताच्या दक्षिणेला चारशे वस्तीच्या गावात नर्स आहे. आप्पा गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे होते. वय 74. सातारा जिल्ह्यात अपशिंग्याच्या शेजारचं आमचं गाव, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. 1971 ला जमालपूरला होते, वय वर्षं एकवीस. डावा कान तिथंच ठेवून आलो, असं म्हणतात. त्या कानाच्या पेन्शनसाठी एका कार्यालयानं त्यांना अकरा वर्षं फिरवलं. शेवटी एका साहेबानं विचारलं, "इतक्या वर्षांनी कान कसा काय आठवला?" आप्पा म्हणाले, "साहेब, जरा मोठ्यानं. ऐकू येत नाही."

इथेही आपल्या लोकांनी काही कमी केलं नाही. शहरातल्या एका मंडळाला मी कळवलं होतं की वडील माजी सैनिक आहेत, पदकं बरोबर आणलीत. त्यांनी कार्यक्रमात स्टेजवर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. भाषण करणाऱ्याला ते कुठल्या रेजिमेंटचे हे माहीत नव्हतं. खाली उतरल्यावर त्यांना बसायला खुर्ची नव्हती. परतीच्या अडीच तासांत आप्पा एकच वाक्य बोलले, "नारळ चांगला हाय."

आणि मग ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी तुम्ही कोऑप दुकानाच्या दारात पॉपीचा डबा घेऊन बसला होतात, लढाईत गेलेल्यांच्या आठवणीसाठी कोटाला लावतात त्या फुलांचा. आप्पांनी ते लाल फूल बघितलं आणि पाठ ताठ केली. त्यांनाही कळलं नसेल, सवयच ती. तुम्ही फूल लावता लावता मला विचारलंत, "कुठली पलटण?" सैनिक होते का, असं नाही विचारलंत. थेट पलटण.

तुमची स्वतःची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, तीही आप्पांमुळे, कारण ते विचारायला लावायचे आणि मी दुभाष्या. राखीव दलातला शेतकऱ्याचा मुलगा, 1993 मध्ये प्रिन्सेस पॅट्रिशिया या कॅनडाच्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनबरोबर क्रोएशियाला. सप्टेंबरात मेदाकला तुम्ही शांतिसेना म्हणून दोन फौजांच्या मध्ये उभे राहिलात, गोळीबार झाला, आणि पुढे सरकलात तेव्हा जळालेली गावं दिसली. त्याबद्दल तुम्ही पुढे बोलला नाहीत, आप्पांनीही मला विचारू दिलं नाही. नियमित पलटण विनिपेगला परतली, तुमच्यासारखे राखीव पोरगे मात्र एकेकटे आपापल्या गावाला. तुम्ही बसमधून उतरलात आणि दुसऱ्या दिवशी राहिलेल्या जवसाच्या कापणीला लागलात. देशाला त्या लढाईची आठवण यायला नऊ वर्षं लागली. पलटणीला मानपत्र मिळालं ते 2002 च्या डिसेंबरात. 2014 मध्ये सरकारनं माजी सैनिकांची सॅस्काटून आणि ब्रँडनची कार्यालयं बंद केली (पुढे सरकार बदलल्यावर ती उघडली), तेव्हा तुमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना गाडीत घालून लांबच्या कार्यालयात नेणारे तुम्हीच होतात. हे मला तुमच्या बायकोनं सांगितलं.

आप्पा हे सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे हितंबी तसंच."

एक दिवस तुम्ही आम्हाला शेत दाखवायला नेलंत. आप्पांना कापलेल्या मसुराचं रान बघायचं होतं, पण त्यांची नजर खिळली ती घराभोवतीच्या कॅरागानाच्या झुडपांवर. इतकी शिस्तीत ओळ कुणी लावली? आजोबांनी, तुम्ही म्हणालात. लढाईवरून आल्यावर सैनिकांसाठीच्या कायद्याखाली कर्ज काढून जमीन घेतली, आणि इंडियन हेडच्या सरकारी रोपवाटिकेतून शेतकऱ्यांना फुकट मिळायची ती रोपं आणून वाऱ्याला आडवी लावली. मग तुम्ही जे बोललात ते बोलायची काही गरज नव्हती. शेजारच्या क्री आदिवासींच्या वस्तीतला माणूस त्याच युद्धातून आला होता, त्याला त्याच कायद्याचा फायदा आजोबांसारखा मिळाला नाही, मधे आदिवासींवर नेमलेला सरकारी एजंट. "ही झाडं बघितली की ते पण आठवावं लागतं," म्हणालात. स्वतःच्या बांधावर उभं राहून असं बोलणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

आता अकरा नोव्हेंबर, इथला लढाईत गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. उणे चौदा आणि वायव्येचा वारा. आप्पा माझ्या नवऱ्याचा कोट घालून, त्यावर 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही 1971 ची पदकं लावून उभे. माइकवर तुम्ही त्यांची ओळख चार वाक्यांत करून दिलीत. त्यातली दोन इटलीची: 1944 च्या मे महिन्यात गारी नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजनसाठी रणगाड्यावरून पूल नेऊन टाकला तो कॅल्गरीच्या रेजिमेंटनं, आणि त्या डिव्हिजनमध्ये या पाहुण्यांच्या रेजिमेंटची एक पलटण होती. हे मला माहीत नव्हतं. तुम्ही शोधून काढलं होतंत.

बिगुलावर लास्ट पोस्ट, गेलेल्या सैनिकांना मानवंदना देणारी धून, सुरू झाली. ती धून आप्पांना पाठ, त्यांचा हात आपोआप वर गेला. मग दोन मिनिटं स्तब्धता. मी मागे उभी होते, म्हणून मला दिसलं. तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला होतात, वाऱ्याच्या बाजूला. ओव्हरकोट नाही, लीजनचा निळा ब्लेझर आणि डोक्यावर बेरे टोपी. वारा जरा वळला तसं तुम्ही अर्धं पाऊल पुढे सरकलात. परत वळला, परत अर्धं पाऊल. मान सरळ, नजर स्तंभावर. सहा फूट दोन इंचांचा माणूस माझ्या पाच फूट चार इंचांच्या बापापुढे भिंतीसारखा होत गेला.

नंतर हॉलमध्ये कॉफी घेताना तुमचा डावा कान दिसला. गारठ्यानं पाळी मेणासारखी पांढरी पडली होती. माझ्यातली नर्स ओरडली, तुमच्या बायकोनं त्यावर तळहात ठेवला, आणि तुम्ही म्हणालात, कॉफी बरी आहे आज.

रात्री मी आप्पांना ते सांगायला गेले. "मला काय सांगतीस," म्हणाले. "कवायतीत असा सरकला असता तर उस्तादानं सोलून काढला असता." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शालीचा फोटो कुणी मागितला तर ते अजून दाखवतात, पण त्या दिवसाबद्दल विचारलं तर म्हणतात, "पाटलानं आडोसा दिला."

तुमच्या उत्तरेत लढाईत गेलेल्या माणसांच्या नावाची तळी, बेटं, खाड्या आहेत, चार हजारांच्या घरात, हे तुम्हीच आम्हाला नकाशावर दाखवलंत. आप्पांनी तो नकाशा घडी करून गावी नेलाय आणि पारावर बसून लोकांना दाखवतात. आमच्याकडेही तलाव आहेत. त्यांना नावं कुणाची असतात ते शुक्रवारी सांगेन, तुम्ही हसाल.

मार्चमध्ये ते परत गेले. फोनवर पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नसतो, तुमच्या कानाचा असतो. आता दोघांचे डावे कान कामातून गेले, असं त्यांचं ठाम मत आहे. कालच त्यांचं पार्सल आलं. माझ्यासाठी मेतकूट, तुमच्यासाठी एक मरून रंगाची विणलेली कानटोपी, चुलतीनं विणलेली, जरा मोठ्या मापाची. लीजनच्या हॉलमध्ये टोपी घालून गेलं की सगळ्यांना ड्रिंक पाजावं लागतं, हे त्यांच्या चांगलं लक्षात आहे. दारापर्यंत घाला म्हणालेत.

तुमची,
आप्पांची लेक