मैथिलीस

म्हार्दोळ

चि. सौ. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुला रडू आवरत नव्हतं, म्हणून नीट लिहून बाबांबरोबर बांबोळीच्या हॉस्पिटलात पाठवतेय. बेंबीतल्या नळीमुळे बाळाच्या यकृताच्या शिरेत गुठळी झाली आणि डॉक्टर तरी नुसते बघत बसलेत, असं तुला वाटतं. त्यात मामा म्हणाले, रक्त पातळ करायची गोळी मी रोज घेतो, काय होतं? मामा ६८ वर्षांचे आहेत गं. आपलं बाळ २८ आठवड्यांचं जन्मलं.

नवजात कक्षात नोकरी केली, त्यामुळे हे मला ठाऊक आहे. एवढ्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेला, फार कोवळ्या रक्तवाहिन्या असतात. साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत त्या विरत जातात. तोवर रक्तदाब जरा खालीवर झाला तरी फुटू शकतात. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ३ दिवसांत होतो, ते दिवस आपले सुखरूप गेले. पण आधीच एवढं नाजूक, त्यात रक्त गोठूच द्यायचं नाही, हा निर्णय सोपा नाही.

डोसही अवघड. रक्त पातळ करणाऱ्या एनॉक्सापॅरिन या औषधाची मोठ्यांची तयार सुई ४० मिलिग्रॅमची. आपल्या १,१०० ग्रॅमच्या बाळाला लागेल सुमारे २. म्हणजे औषध पातळ करूनच द्यायचं, आणि दशांश चिन्ह चुकलं की दहापट. २००६ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला हेपारिन या अशाच औषधाच्या कुप्यांची अदलाबदल होऊन ३ अपुऱ्या दिवसांची बाळं गेली. म्हणून दोन नर्सनी वेगवेगळं मोजायचं, हा आमच्या वॉर्डातला नियम मी कधी मोडू दिला नाही. शिवाय औषध किती चढलं हे बघायला पुन्हा पुन्हा रक्त काढावं लागतं. बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम १०० मिलिलिटर रक्त!

राउंडला शांतपणे विचार: डोक्याची सोनोग्राफी कधी केली, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी, किती, गुठळी वाढतेय का. ती पसरली आणि डॉक्टर औषध द्यायचं म्हणाले, तर माझं हे पत्र पुढे करून अडवू नकोस. तेव्हा न देण्यातच जास्त धोका असेल.

आजीने म्हाळसेला नारळ ठेवलाय. डब्यात उकड्या तांदळाची पेज आहे, गरम असतानाच घे, आणि दूध वेळेवर काढून देत जा.

तुझी आई