कागदी नाताळवृक्ष घरीच करावा

महोदय,

२०१८च्या थर्माकोलबंदीनंतर गणपतीची मखरे पुठ्ठ्याची होऊ लागली. मात्र डिसेंबरात क्रॉफर्ड मार्केटपासून वांद्र्याच्या हिल रोडपर्यंत नाताळवृक्ष प्लास्टिकचेच दिसतात. वास्तविक जाड कार्डपेपरचा शंकू करून, हिरव्या क्रेप कागदाच्या पट्ट्यांना एका कडेने झालरीसारखे काप द्यावेत आणि त्या तळापासून शेंड्याकडे चिकटवत न्याव्यात, म्हणजे वरची झालर खालच्या पट्टीची चिकटवलेली कड झाकते. (उलट क्रमाने गेल्यास खळीचे डाग उघडे पडतात.) चमकी टाळावी, ती बहुधा प्लास्टिकचीच असते व तिच्यामुळे कागदाचा पुनर्वापर कठीण होतो. दिवाळीत आकाशकंदील करणाऱ्या हातांना हे अवघड नाही. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला ते जरूर घ्यावे.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई